डोळ्यांत न भरणारी माणसे

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामाचा सण नेहमीपेक्षा अधिक थाटाने साजरा झाला. चर्चच्या मनोऱ्यापासून पायऱ्यांपर्यंत विजेच्या दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या. वेदीच्या बाजूला नवा मोठा पडदा बसविला होता आणि त्यावर गीतांचे शब्द झळकत होते. सणाच्या आधीचे तीन रविवार आणि नोव्हेनाचे नऊही दिवस आमचे लक्ष या तयारीतच गुंतलेले होते. कोणती माळ विझली, पडद्यावरची अक्षरे शेवटच्या बाकापर्यंत वाचता येतात की नाही, फुलांची आरास वेदीला झाकून तर टाकत नाही ना, हेच आम्ही मिस्सा अर्पण करतानाही डोळ्यांच्या कोपऱ्यांतून न्याहाळत होतो.

सण आटोपला आणि पुढच्या रविवारी एक सून साक्रिस्तीच्या दाराशी येऊन थांबली. ती म्हणाली, "फादर, आमच्या बाबांना कम्युनियन द्यायला घरी याल का? महिना झाला, ते अंथरुणावरच आहेत."

हे बाबा म्हणजे आमच्या चर्चमधील डाव्या हाताच्या तिसऱ्या बाकाचे जणू कायमचे रहिवासी. पहिल्या घंटेच्या आधी ते येत, आपल्या बाजूची खिडकी उघडत आणि मग गुडघे टेकीत. घरात पाय घसरून ते पडले होते. सणाचा दिवस धरून चार रविवार ती जागा रिकामी होती, ती खिडकी बंद होती, आणि चारही रविवारी आम्ही वेदीपाशी उभे राहून थेट त्या बाकाकडे तोंड करून प्रार्थना म्हणत होतो. आम्हांला काहीच दिसले नव्हते.

त्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. उलट मोठ्या उत्सुकतेने विचारले, "फादर, रोषणाई कशी झाली? इथून नुसता आकाशात उजेड दिसत होता."

या प्रश्नाने आम्ही ओशाळलो. परतीच्या वाटेवर मनात एक विचार घोळू लागला आणि आजच्या या लेखाचे निमित्त तोच आहे. जे आपल्याला दिसलेच नाही, त्याची जबाबदारी आपल्यावर येते काय? पाहून काणाडोळा करणारा दोषी, हे सर्वांना मान्य आहे. परंतु ज्याचे लक्ष दुसऱ्या एखाद्या झगमगत्या गोष्टीने वेधून घेतले आणि म्हणून ज्याला शेजारचा माणूस दिसला नाही, त्याला काय म्हणावे? दोषी, दुर्बल, की केवळ माणूस?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी आपले डोळे कसे पाहतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे. आपली अशी समजूत असते की, डोळे उघडले की समोरचे सारे जग एखाद्या छायाचित्रासारखे आत येते. वस्तुस्थिती तशी नाही. डोळ्याच्या पडद्यावरील अगदी लहानसा मध्यभागच बारीकसारीक तपशील स्पष्टपणे टिपू शकतो. हात लांब करून अंगठा उभा धरावा; त्याच्या नखाने जेवढी जागा व्यापली जाते, साधारण तेवढीच जागा एका वेळी आपण खऱ्या अर्थाने स्पष्ट पाहतो. बाकीचे सारे अंधुक असते. ही उणीव भरून काढण्यासाठी डोळा सेकंदाला सुमारे तीन वेळा उड्या मारतो आणि त्या तुकड्यांतून मन एक सलग चित्र उभे करते. या तुकड्यांपैकी मनात धरून ठेवता येतात तेही थोडकेच. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की, क्षणभर दाखविलेल्या साध्या रंगीत आकृत्यांपैकी माणसाच्या स्मरणात सुमारे चारच टिकून राहतात. थोडक्यात, आपली नजर ही अथांग विहीर नव्हे. ती ओंजळ आहे. त्या ओंजळीत एक गोष्ट आली की दुसरी सांडते.

हे सांडणे किती मोठे असू शकते, याचे एक उदाहरण आता सर्वत्र प्रसिद्ध आहे. १९९९ मध्ये डॅनिएल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चाब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी हार्वर्ड विद्यापीठात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जण चेंडू एकमेकांकडे फेकीत आहेत, असे एक लहानसे चलच्चित्र प्रेक्षकांना दाखविण्यात आले आणि एका गटाने चेंडू किती वेळा फेकला हे मोजण्यास सांगितले. खेळ चालू असतानाच गोरिलाचा वेष घातलेली एक व्यक्ती त्या खेळाडूंच्या मधून चालत गेली. सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही! 'पण हे तर सामान्य प्रेक्षक,' असे कोणी म्हणेल. म्हणून २०१३ सालचा दुसरा प्रयोग सांगतो. फुप्फुसाच्या चित्रांमधून रोगाच्या बारीक गाठी शोधण्यात निष्णात असलेल्या २४ डॉक्टरांना अशी चित्रे तपासावयास दिली गेली. त्यांतील शेवटच्या संचात एका गोरिलाची आकृती मुद्दाम मिसळलेली होती. ती एखाद्या सरासरी गाठीच्या ४८ पट मोठी होती. २४ पैकी २० तज्ज्ञांना ती दिसली नाही, आणि त्या वीस जणांतील निम्म्याहून अधिक जणांची नजर प्रत्यक्ष त्या आकृतीवर पडून गेली होती. डोळा पोहोचला, पण अवधान पोहोचले नाही. चार रविवार आम्ही तिसऱ्या बाकाकडे पाहत होतो, ते याच प्रकारे.

तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली की, पाहणे मर्यादित आहे. आता पुढचा प्रश्न असा की, या मर्यादित ओंजळीत काय यावे, हे कोण ठरवितो? आपण ठरवितो, असे आपल्याला वाटते. परंतु काही गोष्टी परवानगी न विचारताच आत शिरतात. हिरव्या पानांत एकच लाल फूल असले तर ते शोधावे लागत नाही. तेच डोळ्यांत भरते. अचानक उगवलेली, लुकलुकणारी, हलणारी वस्तू नजर खेचून घेते. ॲन ट्रीझमन या विदुषीने १९८० साली आपल्या सहकाऱ्यासह या विषयाची जी मांडणी केली, तिच्यातून पुढील संशोधनाला मोठी चालना मिळाली. हॉलंडमधील एका संशोधकाने १९९२ मध्ये असे दाखवून दिले की, एखादी आकृती शोधण्याचे काम माणसाला दिले आणि त्या कामाशी काडीचाही संबंध नसलेली एक भडक रंगाची आकृती शेजारी ठेवली, तर तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचा निश्चय करूनही त्याचे मूळ काम मंदावते. भडक वस्तू आपला कर वसूल करतेच. २००५ सालच्या एका प्रयोगात तर भराभर सरकणाऱ्या चित्रांच्या मालिकेत मध्येच एखादे भीषण चित्र आले की, त्यानंतर निमिषार्धात येणारे अपेक्षित चित्र पाहणाऱ्यांना दिसेनासे होते, असे आढळले. डोळे उघडेच असतात, पण मन क्षणभर आंधळे होते. 'डोळे दिपणे' हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार किती शब्दशः खरा आहे, पाहा!

यात परमेश्वराची काही चूक झाली आहे, असे मात्र समजू नये. शेताच्या बांधावरून चालणाऱ्या माणसाला गवतातली सळसळ तत्काळ जाणवली नाही, तर सापावर पाय पडेल. रस्त्यावर अकस्मात धावत आलेले मूल वाहनचालकाच्या नजरेत झटकन भरले नाही, तर अनर्थ ओढवेल. दचकून पाहण्याची ही शक्ती आपल्या रक्षणासाठीच दिलेली आहे. दोष आहे तो, या पहारेकऱ्याला दिवसभर खोट्या हाका मारून दमविणाऱ्या व्यवहाराचा. आज रस्त्यावरचा जाहिरातफलक, दूरदर्शनचा पडदा आणि तळहातावरचा मोबाइल, सारेच त्या पहारेकऱ्याच्या कानाशी घंटा वाजवितात. साप नसतो, मूल नसते; असते ती केवळ विक्री.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आमच्या मनावर एक भेद बिंबविण्यात आला होता : मनाची पहिली ओढ वेगळी आणि तिला दिलेली संमती वेगळी. ओढ आपल्या हाती नाही. तिच्यामागे जाणे किंवा न जाणे आपल्या हाती आहे. आधुनिक प्रयोगशाळेने या जुन्या भेदाला एक प्रकारे दुजोराच दिला आहे, असे आम्हांला वाटते. भडक पडद्याकडे डोळा वळला, यात पाप नाही. परंतु हा युक्तिवाद येथेच थांबविला तर आपली फार सोपी सुटका होईल, आणि ती खरी असणार नाही.

संत ऑगस्टीन यांनी स्वतःची अशी सुटका करून घेतली नाही. इ. स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात ते नेत्रांच्या वासनेची चर्चा करतात, तेव्हा उदाहरणे घेतात ती मोठ्या पातकांची नव्हेत. रानातून जाताना सशामागे धावणारा एखादा कुत्रा दिसला की गंभीर चिंतन बाजूला पडते. अंग वळले नाही तरी मन वळते. घरी बसले असता माशा पकडणारी पाल किंवा कोळी मन ओढून घेतो. बिशपपदावरील एवढा ज्ञानी पुरुष भिंतीवरच्या पालीचा हिशेब देवासमोर मांडतो, हे वाचून तरुणपणी आम्हांला हसू येई. आता येत नाही. त्याच ग्रंथात त्यांनी आपला मित्र अलिपियस याची हकिगत सांगितली आहे. रोममध्ये सोबत्यांनी त्याला ओढीतच मल्लांच्या रक्तरंजित झुंजींना नेले. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. परंतु जमावाची एक प्रचंड आरोळी कानी पडली, त्याने डोळे उघडले आणि त्या क्षणापासून तो त्या दृश्याच्या आहारी गेला. पुढे स्वतःच इतरांना सोबत घेऊन तेथे जाऊ लागला. पहिली आरोळी त्याच्या हाती नव्हती. पण दुसऱ्या, तिसऱ्या आणि दहाव्या वेळी त्याचे पाय त्याला तिकडे घेऊन गेले ते त्याच्याच संमतीने. अलिपियस नंतर ख्रिस्ताकडे वळला आणि बिशप झाला, ही आपल्याला धीर देणारी गोष्ट आहे.

पुनःपुन्हा दिलेल्या या संमतीने डोळ्याला सवय लागते, आणि येथे विज्ञानाचा एक निष्कर्ष आम्हांला विशेष मोलाचा वाटतो. भडक वस्तू सर्वांना सारखीच खेचते असे नाही; आपण मनात काय शोधीत असतो, यावरही आपले लक्ष कशाने वेधले जाईल हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. २०११ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी काही जणांना विशिष्ट रंगाच्या आकृत्या शोधण्याबद्दल थोडे थोडे पैसे दिले. पुढे पैसे बंद झाले, त्या रंगाचे कामही संपले. तरीदेखील तो रंग समोर आला की त्यांचे लक्ष तिकडे ओढले जाई. एकदा लाभ झाला की डोळा तो विसरत नाही. जेथे आपला ठेवा असतो तेथेच आपले हृदयही गुंतते, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात शिकविले, आणि त्याच प्रवचनात पुढे लगेच त्याने डोळ्याला शरीराचा दिवा म्हटले. ठेवा, हृदय आणि डोळा हा क्रम आम्ही अनेकदा वाचला होता. त्यातील अंतर्गत दुवा मात्र अलीकडे थोडा उमगू लागला आहे. आपला डोळा आपल्या हृदयाच्या इतिहासावर चालतो. मग ज्याच्याकडून आपल्याला काहीच लाभ होणार नाही, असा माणूस आपल्या डोळ्यांत कसा भरणार?

येथे एक प्रामाणिक आक्षेप घेता येईल. डोळे वेधून घेणे वाईट असेल, तर ख्रिस्तसभा तरी दुसरे काय करते? सोनेरी वेदी, मेणबत्त्या, रंगीत काचा, रेशमी पोशाख, धूप आणि घंटा! हा वाद नवा नाही. ११२५ च्या सुमारास संत बर्नार्ड यांनी मठांतील कोरीव कामावर कठोर टीका केली. वानर, सिंह आणि अर्धे माणूस अर्धे पशू अशा चित्रविचित्र आकृत्यांनी भरलेले खांब पाहता पाहता संन्याशाचा दिवस निघून जातो आणि हातातले पवित्र वाचन तसेच राहते, ही त्यांची तक्रार होती. त्याबरोबरच त्याच सोन्याच्या खर्चात दरिद्री माणूस उपाशी राहतो, याकडेही त्यांनी बोट दाखविले. तथापि लोकांच्या चर्चमध्ये बिशपांना अशा शोभेची गरज भासू शकते, हे त्यांनीही मान्य केले होते.

आमच्या अल्पमतीप्रमाणे या प्रश्नाची कसोटी अशी आहे : डोळ्याला बोलावणारी वस्तू त्याला स्वतःजवळच थांबवून ठेवते, की पुढे पाठविते? मिस्साबलिदानात ख्रिस्तशरीर उंच धरले जाते त्या क्षणी घंटा वाजते. ती स्वतःकडे पाहायला सांगत नाही. ती म्हणते, तिकडे पाहा, आणि मग गप्प होते. त्या शांततेसाठीच तिचा नाद असतो. प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या रविवारापासून मूर्ती आणि क्रूस जांभळ्या वस्त्राने झाकण्याची आपली जुनी प्रथाही हेच शिकविते. पोटाला जसा उपवास, तसाच डोळ्यांनाही. ज्या मूर्तींकडे वर्षभर सवयीने पाहिले त्या काही दिवस दिसेनाशा झाल्या म्हणजे पास्काच्या रात्री त्या नव्याने दिसतात. गप्प होणारी घंटा आणि झाकली जाणारी मूर्ती, या दोन खुणा आम्ही कसोटी म्हणून मानतो. जी रोषणाई गप्प होणे जाणत नाही, जो पडदा झाकून घेणे जाणत नाही, तो चर्चमध्ये असला तरी बाजाराचाच भाग आहे. आमचा नवा पडदा त्या महिन्यात कोणत्या बाजूला होता, हे आम्ही येथे निराळे सांगावयास नको.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आतापर्यंत आपण जे डोळ्यांत भरते त्याचा विचार केला. परंतु तिसऱ्या बाकावर जे होते ते मुळी 'असणे' नव्हते, 'नसणे' होते. नसण्याविषयी एक साधा प्रयोग प्रत्येक घरी करता येईल. एका कागदावर वीस साधी वर्तुळे काढावीत आणि त्यांपैकी एकालाच छोटी शेपटी जोडावी. मुले ते शेपटीचे वर्तुळ क्षणात दाखवितील. दुसऱ्या कागदावर वीसपैकी एकोणीस वर्तुळांना शेपटी जोडावी आणि एक साधे ठेवावे. आता ते एकटे साधे वर्तुळ शोधायला मुलांना वेळ लागेल. एकेक वर्तुळ तपासत जावे लागेल. ट्रीझमनबाईंनी १९८५ साली हीच गोष्ट प्रयोगाने सिद्ध केली. एखादी गोष्ट जास्तीची असली तर ती आपण होऊन उठून दिसते. एखादी गोष्ट कमी असली तर ती शोधावी लागते. अभाव डोळ्यांत भरत नाही.

गरिबी हा अभाव आहे. आजारपण, एकाकीपण, बोलायला कोणी नसणे, हे सारे अभावच आहेत. म्हणून जगातील पुष्कळसे दुःख डोळ्यांत भरत नाही. दारात पडलेला लाजरस श्रीमंत मनुष्याला दिसत नसे, यात त्याने लाजरसाला मुद्दाम छळले असे प्रभूने कोठेही सांगितलेले नाही. जांभळी वस्त्रे आणि रोजची मेजवानी यांनी त्याची ओंजळ आधीच भरलेली होती. याउलट शंभर मेंढरांचा तो मेंढपाळ पाहा. नव्व्याण्णव मेंढरे डोळ्यांसमोर आहेत. ती हलतात, ओरडतात, धूळ उडवितात. जे नाही ते कसे दिसावे? त्याला ते एकच मार्गाने कळू शकते : तो मोजतो. कळपाच्या एकूण देखाव्यावर समाधान मानणाऱ्या मेंढपाळाला हरवलेले मेंढरू कधीच कळणार नाही. प्रीतीला म्हणूनच गणती करावी लागते. चर्च भरलेले दिसले म्हणजे झाले, असे समजणारा धर्मगुरू आपले बाक मोजीत नाही, आणि जेवणाच्या टेबलावर पाच ताटे मांडली म्हणजे झाले, असे समजणारे घर त्या पाचांतील कोण आठ दिवस बोललेलेच नाही, हे ओळखीत नाही.

धर्मगुरूंनीच लाजावे असा आणखी एक प्रयोग १९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनिएल बॅटसन यांनी प्रसिद्ध केला. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे धर्मशास्त्र शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना जवळच्या इमारतीत जाऊन छोटे भाषण करावयास सांगितले. काहींना विषय दिला होता दयाळू शोमरोन्याचा! वाटेत एक माणूस भिंतीशी कोसळल्यासारखा बसून खोकत, कण्हत होता. ज्यांना पुरेसा वेळ आहे असे सांगितले होते त्यांच्यापैकी ६३ टक्के जणांनी मदत केली. ज्यांना 'तुम्हांला उशीर झाला आहे' असे सांगितले होते त्यांच्यापैकी अवघ्या १० टक्के जणांनी. भाषणाचा विषय शोमरोनी असला काय आणि दुसरा काही असला काय, फारसा फरक पडला नाही. शोमरोन्यावर बोलण्याच्या घाईत काही जण त्या माणसाला चक्क ओलांडून गेले. यरीहोच्या वाटेवरील याजक आणि लेवी यांच्याकडे आम्ही आता पूर्वीइतक्या कठोरपणे बोट दाखवीत नाही. बोटाची दिशा आमच्याकडेही वळते.

मग न दिसल्याची जबाबदारी येते की नाही? नीतिशास्त्र अज्ञानाचे दोन प्रकार मानते. एक, जे कितीही प्रयत्न केला तरी टाळता आले नसते, ते निर्दोष. दुसरे, जे थोड्या कळकळीने टाळता आले असते; त्याचा दोष माणसावर येतो. यापुढे जाऊन संत मत्तय यांच्या शुभवर्तमानातील शेवटच्या न्यायाचा प्रसंग आठवावा. डाव्या बाजूचे लोक आपला बचाव कोणत्या शब्दांत करतात? भुकेला, परका, आजारी अशा अवस्थेत आपण प्रभूला कधी पाहिलेच नव्हते, असे ते म्हणतात. म्हणजे 'दिसले नाही' हाच त्यांचा सारा युक्तिवाद आहे, आणि तो स्वीकारला जात नाही. विशेष हे की, उजव्या बाजूच्या लोकांनीही त्याला ओळखलेले नसते. तेही आश्चर्यानेच तो प्रश्न विचारतात. मग दोघांत फरक कोणता? आमच्या समजुतीप्रमाणे फरक हा की, उजव्या बाजूच्यांनी प्रभू दिसला नसतानाही त्या भुकेल्या माणसाला पाहिले होते. तेजोवलय दिसण्याची त्यांनी वाट पाहिली नाही. प्रभू ज्या रूपाने आला होता, त्या रूपात डोळ्यांत भरण्यासारखे काहीही नव्हते.

म्हणून आम्हांला असे वाटू लागले आहे की, नेत्रसंयमाची जी शिकवण आपण पिढ्यान् पिढ्या देत आलो, ती अर्धीच दिली. वाईट पाहू नये, डोळे खाली ठेवावेत, मनाचे पावित्र्य जपावे, हे सारे योग्यच आहे. परंतु आपली नजर जर ओंजळीएवढीच असेल, तर नेत्रसंयम हा केवळ शुद्धतेचा प्रश्न राहत नाही. तो न्यायाचा प्रश्न होतो. एकाला दिलेले लक्ष दुसऱ्याकडून काढून घेतलेले असते. मोबाइलच्या पडद्यावर खर्च झालेला तास पापात गेला असे नाही. परंतु तो शेजारच्या खोलीतील म्हाताऱ्या आईच्या वाट्याचा होता, हे शक्य आहे. भाकरी वाटताना जसे आपण पाहतो की सर्वांना मिळाली ना, तसेच लक्ष वाटतानाही पाहावे लागेल.

यासाठी फार मोठ्या तपश्चर्येची आवश्यकता नाही. रात्रीच्या प्रार्थनेत आपण आत्मपरीक्षण करतो, तेव्हा 'आज मी काय वाईट पाहिले' या प्रश्नाच्या जोडीला 'आज मला कोण दिसले नाही' हा प्रश्न घरातील प्रत्येकाने विचारावा. जेवणाच्या वेळी पडदे, मग ते भिंतीवरचे असोत वा हातातले, जांभळ्या वस्त्राखाली गेले आहेत असे समजावे. मुलांना केवळ 'तिकडे पाहू नकोस' असे सांगून भागणार नाही. 'इकडे पाहा' असे सांगण्यासारखे काही, किंवा कोणी, आपल्यापाशी असले पाहिजे. रिकामा डोळा फार काळ रिकामा राहत नाही. आणि प्रत्येक विभागाने आपल्या घरांची यादी महिन्यातून एकदा हातात घेऊन मोजदाद करावी. मेंढपाळाने केले ते याहून निराळे नव्हते.

त्या बाबांकडे आता आम्ही दर पहिल्या शुक्रवारी कम्युनियन घेऊन जातो. प्रार्थना झाली की ते उशीला टेकून विचारू लागतात. चौथ्या बाकावरची ती शिक्षिका येते का? मुलाला परदेशी पाठविल्यापासून ती खचली आहे. खांबाशी उभा राहणारा तो रिक्षावाला दिसला का? बाहेरगावाहून आलेले ते नवे कुटुंब अजून शेवटच्या बाकावरच बसते, की कोणी त्यांना पुढे बोलावले? पहिल्या शुक्रवारी यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर आम्हांला देता आले नव्हते. पंचवीस वर्षे एका बाकावर बसून त्यांनी सारे चर्च पाहिले होते, आणि अंथरुणावर पडल्या पडल्याही ते ते पाहत होते.

आता रविवारी प्रवेशगीत संपून लोक उभे असतात, तेव्हा क्रूसाची खूण करण्यापूर्वी आम्ही क्षणभर थांबतो आणि डावीकडून उजवीकडे एकेक बाक पाहून घेतो. फादर प्रार्थनेची तयारी करीत आहेत, असे लोकांना वाटत असावे. वास्तविक आम्ही मोजीत असतो. कारण येत्या पहिल्या शुक्रवारी आम्हांला उत्तरे द्यावयाची असतात.